अकरा वाट्या

माझी बायको इन्साफ गेली ते मला रमजानच्या एकोणिसाव्या दिवशी, दुपार उतरताना कळलं. मी तिच्या पलंगाशेजारच्या खुर्चीत बसलो होतो. ती झोपली आहे असंच मी धरून चाललो होतो. रोजा असलेलं माणूस दुपारी झोपतंच. कपाळावर घाम होता, तो मी दोनदा पुसला आणि नदीकडची खिडकी उघडली. मग अस्रची बांग झाली. मी नमाज पढलो, परत आलो आणि तिचा उजवा हात हातात घेतला. चार वर्षांपूर्वी तिची डावी बाजू लुळी पडली तेव्हापासून आमचं निम्मं बोलणं त्या हातानेच चालायचं. हात माझ्या हातातून खाली पडला.

मी जिन्यातून वर हाक मारली. नगात, माझी सून, इफ्तारचा स्वयंपाक टाकून पिठाच्या हातांनी खाली आली. तिने एकदा इन्साफच्या तोंडाकडे पाहिलं, खणातून साखर मोजायचं यंत्र काढलं, बोटाला सुई टोचली. यंत्राने एकवीस आकडा दाखवला. नगातने परत टोचलं. परत एकवीस. तिने मध बोटावर घेतला आणि इन्साफच्या हिरड्यांना चोळायला लागली. सासूला ती हाज्जा म्हणायची. "हाज्जा, गिळा. हाज्जा, माझं ऐका."

श्वास अजून होता, पण नावाला. मी पायथ्याशी उभा होतो. तो मध पाहून माझ्या मनात काय आलं ते लिहून ठेवतो: हिचा रोजा तुटला. सूर्य मावळायला दोन तास होते.

गल्लीच्या टोकाचा डॉक्टर आला तोवर सगळं संपलं होतं. त्याने डोळे उघडून पाहिले, यंत्रावरचा आकडा पाहिला आणि विचारलं, "सकाळी खाल्लं होतं का यांनी?"

नगातने वही आणली. चार वर्षं ती रोज लिहीत होती: किती वाजता इन्सुलिनची सुई, किती युनिट, काय खाल्लं, लघवी, शौच, पाठीवरच्या जखमेचं ड्रेसिंग. त्या दिवसापुढे लिहिलं होतं: आठ वाजता सुई, वीस. नाश्ता सगळा खाल्ला.

"खाल्लं असेल तर मग इंजेक्शन जास्त झालं," डॉक्टर म्हणाला. त्याने वही मिटून नगातकडे दिली. माझा मुलगा रअफत तोवर खालच्या लाकूडकामाच्या कारखान्यातून वर येऊन दारात उभा होता. त्याने ते ऐकलं.

मीही ऐकलं. मी काही बोललो नाही.

*

ईद अकरा दिवसांनी आली. मयत झालेल्या घरात त्या ईदला कहक बिस्किटं भाजत नाहीत. सकाळी आम्ही कबरस्तानात जाऊन आलो आणि बैठकीत बसलो. नगातने बिनसाखरेची कॉफी केली. शेजारणीने पिठीसाखर लावलेल्या कहकची परात फडक्याखाली झाकून आणली होती, ती कोपऱ्यात तशीच होती.

इन्साफची मोठी बहीण दौलत हिने फडकं उचलून पाहिलं. "तूप कमी घातलंय," ती म्हणाली. "इन्साफ असती तर परात परत पाठवली असती."

"खाला, आज नको," हुवैदा म्हणाली.

हुवैदा माझी मुलगी. पोर्ट सईदला दिलेली. चार वर्षं ती दर शुक्रवारी यायची, औषधं आणायची, आईचे केस धुवायची आणि नगातला काय चुकतंय ते सांगून संध्याकाळी परत जायची. आईला माझ्याकडे पाठवा, असं ती दोनदा म्हणाली होती. इन्साफनेच नाही म्हटलं. मला माझी खिडकी सोडायची नाही, म्हणाली. हुवैदाच्या मनात ते राहिलं. पोर्ट सईदला नेली असती तर आई जगली असती, असं ती आता स्वतःशी रोज म्हणत असणार.

नगात कॉफीचे पेले ठेवून वळली तेव्हा हुवैदाने विचारलं, "तू सुया मोजल्यास का?"

"मोजल्या."

"मग?"

"बरोबर आहेत, ताई. रोज एक सकाळी, एक संध्याकाळी."

"एकाच सुईने दोनदाही देता येतं."

नगात पेला उचलून आत गेली. पुढचं मला दौलतने सांगितलं, स्वतःच्या पदरचं थोडं घालून. स्वयंपाकघरात नगात ओट्याला टेकून उभी होती. दौलतने तिला खुर्चीत बसवलं आणि म्हणाली, "त्या पोरीचं मनावर घेऊ नकोस. लहानपणापासून तिला कोणीतरी चुकलेलं लागतं."

"खाला, मला आठवत नाही," नगात म्हणाली.

"काय आठवत नाही?"

"त्या दिवशीची सकाळ. रोज तेच असतं ना. सुई भरायची, पोट चिमटीत धरायचं, टोचायची. चार वर्षांत एक दिवस दुसऱ्यासारखाच. माझाही रोजा होता, डोकं जड होतं. पोरींची शाळेची घाई होती. मी एकदा दिली का दोनदा? रात्रंदिवस तेच पाहते डोळ्यांपुढे. आधी एकदाच दिसायचं. आता दोनदा दिसायला लागलंय."

दौलत म्हणते, तिने उठून उरलेले पेले स्वतः धुतले. दौलतच्या बाबतीत ही गोष्ट लिहून ठेवण्यासारखी आहे.

*

आता मला आठव्या दिवसाचं सांगितलं पाहिजे.

रमजानच्या आठव्या संध्याकाळी मी इन्साफला भरवत होतो. ती फक्त माझ्या हातून खायची, म्हणून नगात ट्रे ठेवून जायची आणि मी भरवायचो. तोंड डावीकडे वाकडं झालेलं, शब्द चावून यायचे, पण मला सगळं कळायचं.

"उद्यापासून मी रोजा धरणार," ती म्हणाली.

"मशिदीच्या शेखने सांगितलंय, आजाऱ्याला माफ आहे. तुझ्या नावाने रोज एक गरीब जेवतोय."

"शेखला काय जातंय सांगायला? त्याला रोज सकाळी चारजण विचारतात का, पोट साफ झालं का म्हणून?"

मला हसू आलं. तीही हसली, अर्ध्या तोंडाने.

"माझं अर्धं अंग मेलंय, अबू रअफत," तिने नेहमीसारखी मला मुलाच्या नावाने हाक मारली. " उरलेल्या अर्ध्याचा तरी रोजा धरू दे. मला उठवता तुम्ही, वळवता तुम्ही, धुता तुम्ही. दिवसभरात माझं म्हणून एक काम राहू दे."

"आणि सुई?"

"सुई कुठे पोटात जाते? कातड्यात जाते. सुईने रोजा तुटत नाही, ते शेखनेच सांगितलंय."

मी त्या वाक्यावर विश्वास ठेवला. सुई आणि रोजा यांचा हिशोब मी फक्त एकाच बाजूने केला: सुईने रोजा तुटतो का एवढंच पाहिलं, उपाशीपोटी सुई काय करते ते नाही. साठ वर्षं लाकूड कापणाऱ्या माणसाने एकाच बाजूने माप घ्यावं.

"नगातला सांगू नकोस," ती म्हणाली. "ती हुवैदाला सांगेल, हुवैदा डॉक्टरला, आणि ते नाकातून नळी घालतील."

दुसऱ्या दिवशी आठ वाजता नगात सुई देऊन, ट्रे ठेवून वर गेली. वाटीत दही, दुधात कुस्करलेला पाव, एक उकडलेलं अंडं. इन्साफने तोंड मिटून घेतलं आणि डोळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी वाटी घेऊन बसून राहिलो. नगात येऊन वाटी पाहणार आणि वहीत लिहिणार. मोरीत ओतता आलं असतं. पण आमच्या घरात पावाचा तुकडा जमिनीवर पडला तर उचलून कपाळाला लावतात. अन्न मोरीत टाकायला माझा हात धजला नाही. म्हणून मी ते खाल्लं. माझा रोजा होता आणि मी तिच्यासमोर, सकाळी सव्वाआठला, दही-पाव खाल्ला. ती बघत होती. खाऊन झाल्यावर तिने तो चालता हात माझ्या गुडघ्यावर ठेवला.

असे अकरा दिवस. पहाटे मी तिला रोज्याआधीची सहरी भरवायचो, इफ्तारला ती सगळ्यांबरोबर जेवायची, चार वर्षांत जेवली नव्हती तशी. पाठीची जखम बांधायला आठवड्यातून तीनदा येणारी परिचारिका अफाफ अकरा वाजता साखर मोजायची आणि खुश व्हायची. एकशे दहा. पंच्याण्णव. "हाज्जा, तुम्ही तर तरुण होताय," ती म्हणायची.

एकोणिसाव्या पहाटे मला झोप लागली. जागा झालो तेव्हा फज्रची बांग होत होती. सहरी राहिली. इन्साफला मी विचारलं, आजचा दिवस सोडू या का. तिने नाही म्हणून मान हलवली. आठ वाजता नगात सुई भरत होती तेव्हा मी तिथेच उभा होतो. "आज सुई नको," एवढे तीन शब्द होते. ते म्हटले असते तर तिने 'का' म्हणून विचारलं असतं. मी ते म्हटले नाहीत. ती वर गेली आणि मी वाटी उचलली.

*

ईदच्या दिवशी दुपारी अफाफ भेटायला आली. उरलेल्या पट्ट्या आणि मलम तिला द्यायचं नगातने ठरवलं होतं, दुसऱ्या कोणाच्या तरी घरी उपयोगी पडेल म्हणून. अफाफ बैठकीत बसली, कॉफी हातात घेतली आणि रडायला लागली.

"मी तेव्हाच विचारायला हवं होतं," ती म्हणाली. "चार वर्षांत सकाळची साखर कधी दोनशेच्या खाली पाहिली नव्हती मी. आणि रमजानमध्ये एकदम शंभर, नव्वद. मला वाटलं, नगात किती काळजी घेतेय."

ती चांगल्या मनाने बोलली. पण हुवैदाने पेला खाली ठेवला.

"किती दिवस अशी येत होती?"

"दहाएक दिवस. वहीत असेल."

"म्हणजे एका दिवसाची चूक नाही," हुवैदा रअफतकडे वळली. "दहा दिवस ही जास्त देत होती. आकडा छान दिसावा म्हणून. माझ्याकडून शाबासकी हवी होती हिला."

"ताई, वीसच देत होते मी," नगात दारातून म्हणाली. "वीसच."

"आत्ता तर तुला आठवत नव्हतं."

नगातने दौलतकडे पाहिलं. दौलतने मान खाली घातली. स्वयंपाकघरातलं बोलणं तिथेच राहिलं नव्हतं.

 रअफत माझा मोठा मुलगा, कारखाना तोच चालवतो. आईची जखम त्याने कधी पाहिली नाही. ड्रेसिंग चालू असलं की तो दारातूनच "कशी आहेस आई" विचारून खाली जायचा. वास सहन होत नाही म्हणायचा, आणि त्याची त्याला लाज वाटायची हे मला माहीत आहे. म्हणून जिने ते सगळं केलं तिच्याकडे त्याला सरळ बघता येत नव्हतं.

"नगात," तो म्हणाला, आवाज न चढवता. "थोडे दिवस तू तुझ्या वडिलांकडे फरस्कूरला जा. मुलींना घेऊन जा. मला विचार करू दे."

"कसला विचार?"

"मला तुझ्या हातचं पाणी घेताना ते आठवतं. मी काय करू?"

 नगातने हात पुसायचं फडकं नीट चौकोनी घडी करून खुर्चीच्या पाठीवर ठेवलं. चार वर्षं ती इन्साफच्या खोलीत तसंच ठेवायची.

मी म्हणालो, "तिने दोनदा दिली नाही. एकदाच दिली. मी तिथे होतो."

"बाबा, तुम्ही दमलाय," हुवैदा म्हणाली.

"इन्साफने खाल्लं नव्हतं. तिचा रोजा होता. अकरा दिवस होता. वाटी मी संपवायचो."

 रअफत उठून माझ्याजवळ आला आणि खांद्यावर हात ठेवून बसला.

"बाबा, तुम्हाला नगातची दया येते, ते मला कळतं. पण यासाठी असं काही सांगू नका."

"मी खरं सांगतोय."

"तुम्ही? रमजानमध्ये? सकाळी आठला?" त्याला हसायचंच बाकी होतं. "बाबा, मी चौदा वर्षांचा होतो. कारखान्यात भट्टीसारखं तापलं होतं, मी नळावर एक घोट पाणी प्यालो. तुम्ही महिनाभर माझ्याशी बोलला नाहीत. ईदला सगळ्यांना मिठीत घेतलंत, मला नाही. आणि तुम्ही दही खात बसलात?"

मला ते आठवत होतं. त्याने आजवर कधी बोलून दाखवलं नव्हतं, म्हणून तो विसरला असेल असं मी समजत होतो.

"मला पटतंय," दौलत म्हणाली. "तुझ्या वेळी ती बाळंतीण व्हायची होती, रअफत, कळा सुरू होत्या आणि तिचा रोजा होता. सुईणीने तिच्या तोंडात जबरदस्तीने पाणी ओतलं. त्या सुईणीशी ती मरेपर्यंत बोलली नाही. माझी बहीण अशीच गाढव होती. आणि तिला नाही म्हणायची तुझ्या बापाची कधी हिंमत नव्हती. बाहेर वाघ, घरात हे असं."

"खाला, तुम्ही गप्प बसा."

"हाजी खरं सांगताहेत," नगात म्हणाली.

ती अजून दारातच होती. आम्ही सगळे तिच्याकडे वळलो.

"वाटी फार स्वच्छ असायची," ती म्हणाली. "हाज्जांचं तोंड वाकडं, त्यांच्या वाटीला नेहमी एका बाजूला लागलेलं असायचं, टॉवेलवर सांडलेलं असायचं. रमजानमध्ये टॉवेल कोरडा यायला लागला. हाजी खातात हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं."

"तुला कळलं होतं?" रअफतने विचारलं.

"मला वाटलं, हाजींना आता रोजा झेपत नाही. बाहत्तर वर्षांचे आहेत. आणि सांगायची लाज वाटते. म्हणून हाज्जांच्या वाटीतलं दोन घास खाताहेत. मी कोणाला बोलले नाही. एका अंड्याची दोन केली, पाव जास्त घातला. म्हटलं, दोघांना पुरेल."

माझ्या ते लक्षात आलं होतं. तिसऱ्या दिवसापासून वाटी जड झाली होती. मला वाटलं होतं, इन्साफला भूक लागायला लागली म्हणून नगात वाढवतेय. जास्त होतं, तरी मी सगळं संपवत होतो.

"म्हणजे आईच्या पोटात किती जातंय ते तुला माहीत नव्हतं," हुवैदा सावकाश म्हणाली. "माहीत नव्हतं, तरी तू 'सगळं खाल्लं' लिहिलंस. आणि सुई दिलीस."

"हो," नगात म्हणाली.

"ते बाबांच्या अब्रूसाठी."

"हो, ताई."

नगात एक पाऊल आत आली आणि माझ्याशी बोलली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

"चार वर्षं मी खाली येऊन तुम्हालाच विचारायचे, हाजी. खाल्लं का, झोपल्या का, दुखतंय का. हाज्जा समोर पडलेल्या असायच्या, शुद्धीत. त्यांना मी एकदाही विचारलं नाही. त्यांना विचारलं असतं तर त्यांनी मला खोटं सांगितलं नसतं."

मग ती वर गेली. अफाफ पट्ट्यांची पिशवी तिथेच विसरून निघून गेली. रअफत माझ्या शेजारून उठला. जाताना दारात थांबला, पण माझ्याकडे पाहिलं नाही.

"एक घोट पाणी होतं, बाबा," तो म्हणाला आणि खाली कारखान्यात गेला. ईदच्या दिवशी, बंद कारखान्यात. थोड्या वेळाने रंध्याचा आवाज यायला लागला.

नगात त्याच संध्याकाळी गेली. मुलींना नवे कपडे घातलेले होते. जाण्याआधी तिने इन्साफच्या खोलीतल्या सगळ्या खणांवर कागद चिकटवले: इथे रक्तदाबाचं यंत्र, इथे चादरी, इथे तुमच्या स्वतःच्या गोळ्या, सकाळची पांढरी, रात्रीची गुलाबी. ती दोनदा सुई देऊन बसली नव्हती, हे तिला आता माहीत आहे. तेवढं मी केलं. पण वाटीचं तिला माहीत होतं हेही माझ्याच सांगण्याने बाहेर आलं, आणि तिला घरात ठेवून घ्यायचं कारण त्यातच गेलं.

*

आता ईदला चाळीसपेक्षा जास्त दिवस होऊन गेले. रअफत रोज संध्याकाळी माझ्यापुढे जेवण ठेवतो आणि वर जातो. हुवैदा शुक्रवारी येते. तिने मागच्या वेळी विचारलं, "तुम्ही दोघांनी मला का नाही सांगितलं?" मी म्हटलं, "तू डॉक्टरला सांगितलं असतंस." ती म्हणाली, "हो. सांगितलंच असतं." आणि आईच्या पलंगावर जाऊन बसली.

मी रअफतला एकदा म्हणालो, बायको रुसून माहेरी गेली तर नवऱ्याने वडीलधाऱ्यांना घेऊन तिला आणायला जायचं असतं. तो म्हणाला, "तुम्ही जा. तिचे वडील विचारतील काय झालं. ते मी काय सांगू? तुमचं तुम्ही सांगा. मग मी येतो."

त्याचं बरोबर आहे.

इन्सुलिनच्या दोन बाटल्या फ्रिजच्या दारात आहेत. वही नगातने ठेवली त्याच खणात आहे, शेवटच्या पानावर 'नाश्ता सगळा खाल्ला' असं आहे आणि ते मी खोडलेलं नाही. माझे अकरा रोजे भरून काढायचे आहेत. चारदा सुरुवात केली. सकाळी आठ वाजले की मला भूक लागते, अगदी वेळेवर, आणि मी उठून दही काढतो.

फरस्कूर इथून गाडीने अर्ध्या तासावर आहे. मी अजून गेलेलो नाही.